गोलंदाज, सफरमैना आणि बाजेवाले

चैत्र पौर्णिमेची जोतिबाची यात्रा ज्यांनी पाहिली आहे त्यांना मी वेगळं काय सांगणार? पण आमच्या गोतावळ्यातली मुंबई-पुण्याची बरीच मंडळी गुलालाच्या धास्तीनं यात्रेला येत नाहीत, त्यांच्यासाठी थोडं सांगतो. सगळ्यांत आधी दिसतात त्या सासनकाठ्या. मानाची पहिली काठी सातारा जिल्ह्यातल्या पाडळीची. मग देवाची पालखी निघते यमाईच्या भेटीला. तिच्या पुढे-मागे उंट, घोडे, म्हालदार, चोपदार, वाजंत्री, डवरी, ढोली. तोफेची सलामी होते आणि डोंगरावर एकच आवाज घुमतो, "चांगभलं!"

इतकी वर्षं हे बघतो आहे. हे सगळं म्हणजे कूच करणारं जुनं लष्करच आहे. सासनकाठ्या म्हणजे निशाणं. वाजंत्री म्हणजे पलटणीचा बाजा. तोफ आहे. ओझ्याला आणि डौलाला उंट-घोडे आहेत. भालदार-चोपदार म्हणजे शिस्त राखणारे. आणि नीट पाहिलंत तर या सगळ्या लवाजम्यात प्रत्यक्ष तलवार चालवणारा एकटा देवच आहे! बाकीचे सगळे त्याच्या बरोबरचे, त्याच्या दिमतीचे. पण त्यांच्यातला एकजण कमी झाला तरी पालखी हलत नाही. प्रत्येकाचा मान ठरलेला आहे आणि तो मान कोणी मोडत नाही.

गंमत अशी की आपला जोतिबाही मुळात मदतीलाच आलेला. करवीरच्या अंबाबाईचं राक्षसांशी युद्ध चाललं होतं, तेव्हा केदारनाथ तिच्या साह्याला धावून आले, रत्नासुराला मारलं आणि परत उत्तरेकडे निघाले. तेव्हा अंबाबाई त्यांना थांबवायला अनवाणी डोंगरावर आली. माघातल्या रविवारी लोक कोल्हापुरातून चालत खेटे घालतात, ते त्याचीच आठवण म्हणून. म्हणजे कुमक म्हणून आलेल्या देवाला मुख्य देवीनं "राहा" म्हणून विनवलं. कुमकेला आलेल्याचा इतका मान आपल्या पुराणात आहे. गावाच्या मीटिंगमध्ये मात्र तसा अनुभव आला नाही.

त्याचं असं झालं. आमच्या गावात आजी-माजी सैनिकांच्या नावांचा एक दगडी फलक करायचं ठरलं. आपल्या भागात हे नवीन नाही. शिरोळ तालुक्यातल्या टाकळीला तर सगळा जिल्हा सैनिक टाकळी म्हणूनच ओळखतो. साताऱ्याकडच्या अपशिंगे मिलिटरीत पहिल्या महायुद्धात पडलेल्या ४६ जणांचं स्मारक आहे. आमचं डोंगराच्या पायथ्याचं गाव तेवढं मोठं नाही, पण घरटी एक तरी माणूस पलटणीत गेलेला. कोणी मराठा लाईट इन्फंट्रीत, कोणी कोल्हापूर संस्थानच्या राजाराम रायफल्समध्ये. १ मार्च १९४९ ला संस्थान विलीन झालं आणि ती पलटणही मराठा लाईट इन्फंट्रीत गेली. आता बरीच पोरं टेंबलाईवरच्या १०९ टेरिटोरियलमध्ये आहेत. यादी करायचं काम माझ्याकडे आलं, कारण गावात कागद आणि पेन म्हटलं की अजूनही "गुर्जींच्याकडं द्या" असंच म्हणतात.

मी महिनाभर घरोघर फिरून यादी केली. नावापुढे पलटण आणि काम लिहिलं. मीटिंगमध्ये वाचून दाखवली. तेव्हा मंडळातला एक तरुण कार्यकर्ता म्हणाला, "गुर्जी, दगडावर जागा कमी हाय. सैपाकी, खेचरंवाले, बँडवाले ह्यास्नी कशाला घालायचं? लढलेल्यांचीच नावं घ्या की. बाकीचं काय, बाजारबुणगं."

पोरगा वाईट नाही. यात्रेत चार-चार दिवस पाण्याच्या टाकीवर उभा राहून सेवा करणारा आहे. पण त्याचा तो शब्द माझ्या डोक्यात बसला. त्या रात्री झोप लागली नाही. यादीत माझे थोरले चुलते होते, ते सफरमैनात. बँडवाले तात्या होते. आणि एक पहिल्या महायुद्धातला खेचरंवाला होता. तिघांचीही नावं दगडावर येणार की नाही हे त्या एका शब्दावर येऊन ठेपलं होतं.

आधी तो शब्दच बघू. बुणगे म्हणजे सैन्याबरोबर चालणारं सामानसुमान आणि ते वाहणारी, सांभाळणारी माणसं. त्यांच्याबरोबर चालणारा बाजार तो बाजारबुणगा. मराठीत ही शिवी झाली ती पानिपतामुळे. तिथं लढणाऱ्यांपेक्षा न लढणारे जास्त होते, त्यांनी सैन्य बुडवलं, असं आपण शाळेत शिकलो आणि मीही वर्गात शिकवलं. पण त्याच धड्याचं दुसरं पान असं आहे की १७६० च्या डिसेंबरात गोविंदपंत बुंदेले मारले गेले. शत्रूची रसद तोडायची आणि आपल्या सैन्याला पैसा-धान्य पोचवायचं, हे काम त्यांच्याकडे होतं. त्यानंतर महिनाभरात, १४ जानेवारी १७६१ ला, सैन्य उपाशीपोटी मैदानात उतरलं. म्हणजे बुणगे जास्त झाले म्हणून हाल झाले हे जितकं खरं, तितकंच धान्य पोचवणारी बाजू तुटली म्हणून हाल झाले हेही खरं. शिवी मात्र एकाच बाजूला मिळाली.

आता गोलंदाज. आजच्या पोरांना गोलंदाज म्हटलं की झहीर खान किंवा बुमराह आठवतो. पण हा शब्द मुळात तोफेचा. गोळा टाकणारा तो गोलंदाज. क्रिकेट खूप नंतर आलं आणि आपण तयार शब्द उचलला. पेशव्यांचा तोफखाना पानसे घराण्याकडे होता. उत्तरेत महादजी शिंद्यांनी द बॉयन नावाच्या युरोपीय सरदाराला हाताशी धरून कवायती पलटणं उभी केली, आग्र्याला तोफा ओतल्या. शिंदे आणि आपला डोंगर यांचं नातं माहीत आहेच. जोतिबा हे शिंद्यांचं कुलदैवत. आज आपण जे मोठं देऊळ बघतो ते १७३० मध्ये राणोजी शिंद्यांनी बांधलं. राणोजी म्हणजे महादजींचे वडील.

या शिंद्यांच्या तोफखान्याची खरी परीक्षा झाली २३ सप्टेंबर १८०३ ला, असईला. आता ते जालना जिल्ह्यात येतं. समोर इंग्रजांचा वेलस्ली. हाच पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला आणि वॉटर्लूला त्यानं नेपोलियनला हरवलं. असईला शिंद्यांच्या तोफांनी त्याचे इतके लोक पाडले की मेलेले आणि जखमी मिळून आकडा पंधराशेच्या वर गेला. इंग्रजांची फळी तोफांवर चालून आली तेव्हा गोलंदाज तोफ सोडून पळाले नाहीत. पुष्कळ जण तोफेजवळच कापले गेले. काही जण मेल्याचं सोंग घेऊन पडून राहिले, आणि फळी पुढे सरकल्यावर उठून त्याच तोफा फिरवून इंग्रजांच्या पाठीवर डागल्या! लढाई आपण हरलो. शंभराच्या आसपास तोफा गेल्या. पण म्हातारपणी वेलिंग्टनला कोणी विचारलं की तुझी रणांगणावरची सगळ्यांत चांगली कामगिरी कोणती, तर त्यानं वॉटर्लू म्हटलं नाही, असई म्हटलं. त्या उत्तरात आपल्या गोलंदाजांचं सर्टिफिकेट आहे, असं मी समजतो.

त्यातल्या एकाही गोलंदाजाचं नाव आपल्याला माहीत नाही. सरदारांची नावं आहेत, युरोपीय अधिकाऱ्यांची आहेत. तोफेला बत्ती देणाऱ्याचं नाही. दौलतराव शिंदे असईला हरले, आणि पाच वर्षांनी, १८०८ साली, त्यांनी जोतिबाच्या आवारात केदारेश्वराचं देऊळ बांधलं. हरलेल्या माणसानं देवाला काय सांगितलं असेल, कोण जाणे. मी खेट्याला गेलो की त्या देवळापाशी जरा टेकतो. एकही खांब न लावता उभं केलेलं काळ्या दगडाचं देऊळ आहे ते. समोरच्या अंगाला पन्हाळा आणि पावनगड. २०२१ साली पावनगडावर दगडी तोफगोळ्यांचा साठा सापडला, चारशेच्या वर गोळे! ते दगड कोणी घडवले, कोणी गडावर चढवले? पाथरवटानं आणि बेलदारानं. म्हणजे पुन्हा बुणगेच.

इंग्रजी अमलात मुंबई इलाख्याचा स्वतंत्र तोफखाना होता. त्यातली गोलंदाज बटालियनची एक कंपनी २८ सप्टेंबर १८२७ ला उभी राहिली. पुढे तिचीच पाच नंबरची बॉम्बे माउंटन बॅटरी झाली. आजही भारतीय तोफखाना २८ सप्टेंबर हाच आपला दिवस म्हणून पाळतो. १८५७ नंतर इंग्रजांनी धसका घेतला आणि हिंदी माणसाच्या हातातून तोफा काढून घेतल्या. तेवढ्या थोड्या डोंगरी बॅटऱ्या ठेवल्या, खेचरांच्या पाठीवर सुटे भाग लादून न्यायच्या त्या. मोठ्या तोफा पुन्हा हिंदी पलटणीला मिळाल्या त्या १५ जानेवारी १९३५ ला बंगलोरला. मधे पाऊणशे वर्षं गेली. तोफेची ताकद किती, हे इंग्रजाला आपल्यापेक्षा चांगलं कळत होतं म्हणायचं.

आता तोफखान्याचं घर देवळाली आणि नाशिकरोडला आहे. कारगिलच्या वेळी, १९९९ मध्ये, तोफखान्यानं अडीच लाखांच्या घरात गोळे डागले. शिखरावर तिरंगा लावणाऱ्या जवानाचा फोटो आपण पाहतो. त्याला वर चढता यावं म्हणून खालून रात्रंदिवस गोळे भरणारा फोटोत नसतो. त्यांच्या आठवणीसाठी द्रासच्या एका शिखराला २०२२ साली 'गन हिल' असं नाव दिलं गेलं. तेवीस वर्षांनी का होईना, नाव मिळालं.

आता सफरमैना. लहानपणी मला वाटायचं की ही कुठलीशी मैना आहे, सफर करणारी! आमच्या थोरल्या चुलत्यांना, म्हणजे आबांना, गावात 'सफरमैनातले आबा' म्हणत. फार पुढे कळलं की 'सॅपर्स अँड मायनर्स' या इंग्रजी नावाची आपल्या लोकांनी जिभेला सोयीची अशी मैना करून टाकली. सॅपर म्हणजे खंदक खणत पुढे सरकणारा, मायनर म्हणजे सुरुंग लावणारा. यांचं मुंबई इलाख्यातलं ठाणं खडकीला. आज त्याला बॉम्बे इंजिनिअर ग्रुप किंवा बॉम्बे सॅपर्स म्हणतात. मराठे, शीख आणि मुसलमान असे तिन्ही लोक त्यात.

न लढणारे म्हणतात ना यांना? २८ ऑक्टोबर १९१४ ला फ्रान्समध्ये न्यव्ह शापेल गावावर हल्ला करायचा होता आणि पायदळ कमी पडलं. तेव्हा याच सफरमैनांच्या दोन कंपन्या ४७ व्या शीख पलटणीबरोबर संगिनी लावून गावात घुसल्या. घराघरांतून हातघाईची लढाई झाली. त्यांचे सगळे गोरे अधिकारी मारले गेले किंवा जखमी झाले. पुढे मेसोपोटेमियात कुतच्या वेढ्यात सहाव्या पुणे डिव्हिजनबरोबर हे होतेच. १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणीही तिथंच होत्या. तो वेढा १४७ दिवस चालला आणि २९ एप्रिल १९१६ ला शरणागतीनं संपला. शेवटी-शेवटी तोफा ओढणारी जनावरं मारून खायची वेळ आली होती. आमच्याकडे जुनी माणसं या सगळ्याला 'बसऱ्याची लढाई' म्हणत.

दुसऱ्या महायुद्धात आबा इटलीत होते. ते लढाईचं फार बोलत नसत, पुलांचं बोलत. बेली पूल म्हणून एक प्रकार असतो. लोखंडी चौकटी एकमेकींना खिळींनी जोडत जायच्या, क्रेन लागत नाही. एक चौकट दहा फूट लांब, वजन अडीचशे किलोच्या पुढे, ती सहा जणांनी उचलायची. आबा म्हणायचे, "तिरडी चौघांची, पॅनेल सहा जणांचं. आन् दोनी बी अंधारातच उचलायला लागायचं." डिसेंबर १९४३ मध्ये इटलीतल्या मोरो नदीवर आठव्या भारतीय डिव्हिजनच्या इंजिनिअरांना आपल्या काठावर पूल जुळवायला जागाच मिळेना. तर त्यांनी सामान नदीपार नेलं आणि शत्रूच्या बाजूनं उलटा बांधत आपल्या काठाकडे आणला. त्या पुलाला नावच पडलं 'अशक्य पूल'. आबा त्याच देशात होते, पण त्या पुलावर मी होतो असं ते कधी म्हणाले नाहीत. "आमचा पूल ल्हान व्हता," एवढंच सांगायचे.

याच बॉम्बे सॅपर्सचे सेकंड लेफ्टनंट प्रेमींद्रसिंह भगत. १९४१ साली अॅबिसिनियात त्यांनी सलग चार दिवस ५५ मैलांच्या रस्त्यावरचे पंधरा सुरुंगक्षेत्र साफ केले. दोनदा त्यांची गाडी सुरुंगानं उडाली, कानाचा पडदा फाटला, तरी माणूस थांबला नाही. व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. दुसऱ्या महायुद्धात तो मिळवणारे ते पहिले भारतीय अधिकारी.

आणि आपल्या अगदी जवळचे म्हणजे कारवारकडच्या चेंडिया गावचे राम राघोबा राणे. एप्रिल १९४८ मध्ये नौशेऱ्याहून राजौरीकडे रणगाडे न्यायचे होते. राजौरीत शत्रूनं अत्याचार मांडले होते, लोक वाट बघत होते. रस्त्यात सुरुंग, तोडलेले पूल, पाडून टाकलेली पाइनची झाडं. ८ एप्रिलला काम सुरू करतानाच तोफगोळे आले, राण्यांचे दोन लोक मेले, पाच जखमी झाले. जखमींत राणे स्वतः होते. तरी ११ तारखेपर्यंत ते रस्ता मोकळा करत राहिले. एका ठिकाणी तर रणगाड्याच्या पोटाखाली सरपटत, दोरीनं आतल्या ड्रायव्हरला खुणा करत ते रणगाड्याबरोबर पुढे सरकले. १२ तारखेला आपलं सैन्य राजौरीत पोचलं. राण्यांना परमवीरचक्र मिळालं. ते जिवंतपणी मिळवणारे पहिले तेच. मीटिंगमध्ये मी त्या कार्यकर्त्याला एवढंच विचारलं, "राणे लढले का रस्ता साफ करत होते? फलकावर त्यांचं नाव घातलं असतंस का न्हाई?" तो गप्प बसला.

शांततेच्या काळातलंही एक सांगतो. मुंबईला एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या जिन्यावर २९ सप्टेंबर २०१७ ला चेंगराचेंगरी होऊन २३ माणसं गेली. त्यानंतर तिथला पादचारी पूल बांधला तो बॉम्बे सॅपर्सनी, आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये तो खुला झाला. लष्करानं असली कामं करावीत का, यावर तेव्हा वाद झाला, आणि तो वाद योग्यच होता. पण माझी भाची तेव्हा परळला नोकरीला होती. ती म्हणाली, "मामा, मला वादाचं माहीत नाही. मी रोज त्या पुलावरून उतरते आणि तुमच्या आबांची आठवण काढते."

दुरुस्तीवाल्यांचं सैन्यही असतं. गाड्या, रणगाडे, तोफा बिघडल्या की दुरुस्त करणारं. ईएमई म्हणतात त्याला. आपल्या शेजारच्या सांगली जिल्ह्यातले, पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर या ईएमईतले. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून ते कायमचे अपंग झाले. कुस्ती-बॉक्सिंग सुटलं तर पोहायला लागले आणि १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये त्यांनी भारतासाठी पहिलं सुवर्णपदक आणलं. पद्मश्री मिळाली २०१८ मध्ये. शेचाळीस वर्षांनी! गोळी मारणारा कधी विचारत नाही, तू पायदळातला का वर्कशॉपमधला. ते आपण विचारतो, मागाहून, मीटिंगमध्ये.

राहता राहिले बाजेवाले. माझ्या यादीवर सगळ्यांत जास्त आक्षेप बँडवाल्या तात्यांवर होता. तात्या बेळगावला मराठा सेंटरच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. रिटायर होऊन आल्यावर त्यांनी आसपासच्या पोरांना शिकवून लग्नाचा बँड काढला, त्यामुळे गावाच्या डोक्यात ते वरातीतले तात्या म्हणूनच राहिले.

वाद्यं ही लष्कराची शोभा आहे असं वाटतं, पण मुळात ते हुकमाचं साधन. वायरलेस नव्हता तेव्हा हजार माणसांना एकदम 'पुढे', 'थांबा', 'मागे' कसं सांगायचं? आपल्याकडे शिंग, कर्णा, नौबत. इंग्रजांकडे ढोल आणि बिगुल. लाईट इन्फंट्री म्हणजे चपळ, पांगून लढणारं पायदळ, त्यांचे हुकूम बिगुलावर चालत. १८४० मध्ये बलुचिस्तानात काहान नावाचं ठाणं लढवल्याबद्दल मुंबईच्या पाचव्या पलटणीला 'लाईट इन्फंट्री' हा मान मिळाला. तीच पुढची १०५ वी मराठा. आजही मराठा लाईट इन्फंट्रीच्या बिल्ल्यावर बिगुल आहे. म्हणजे लढणारा गडी टोपीवर मिरवतो ते बाजेवाल्याचं हत्यार!

आणि लढाई सुरू झाली की बँडवाले वाद्यं ठेवून स्ट्रेचर उचलतात. ही जगभरच्या सैन्यांतली जुनी रीत आहे. तात्या ७१ साली तेच करत होते. ते मला एकदा म्हणाले होते, "गुर्जी, क्लॅरिनेट वाजवायला दम लागतो, पर माणूस उचलून पळायला त्येच्यापेक्षा जास्त लागतो. पळताना सूर लावायचा नसतोय, एवढंच सोपं." दिल्लीला प्रजासत्ताक सोहळ्याची सांगता बँडनं होते, ती टीव्हीवर लागली की तात्या पाटावर ताठ बसून बघायचे. २०२२ पासून तिथं जुन्या इंग्रजी प्रार्थनेऐवजी 'ऐ मेरे वतन के लोगों' वाजतं. चाल सी. रामचंद्रांची, म्हणजे आपल्या पुणतांब्याच्या माणसाची. तात्यांना ते ऐकायला मिळालं नाही. त्याआधी दोन वर्षं ते गेले.

दुसऱ्या मीटिंगला मी तात्यांच्या मालकिणीला बोलावलं नव्हतं, त्या आपणहून आल्या. मागं भिंतीला टेकून बसल्या. तोच कार्यकर्ता पुन्हा जागेचं सांगायला लागला तेव्हा त्या म्हणाल्या, "आमच्या मालकांचं नाव नसंल तर नसू दे बाबा. पर बाजारबुणगं म्हनू नगंस. त्येंच्या खांद्याला वळ व्हतं स्ट्रेचरच्या पट्ट्याचं. मी त्याल लावत व्हते मरंस्तवर." कोणी काही बोललं नाही. मग गावातले सगळ्यांत थोर सुभेदार, पायदळातले, सगळी नोकरी पलटणीत काढलेले, म्हणाले, "नाव घाला. दगड दोन आना. एका दगडाचं पैसं मी देतो." आणि लगेच चहा का आला नाही म्हणून पोरांवर ओरडले. विषय तिथंच संपला.

तर आता दगड दोन झाले आहेत. नावं भरती झालेल्या सालाप्रमाणे लावली आहेत, हुद्द्याप्रमाणे नाहीत. म्हणजे सुभेदार आणि स्वयंपाकी एकाखाली एक येऊ शकतात. प्रत्येकापुढे पलटण आणि काम: शिपाई, गोलंदाज, सफरमैना, ड्रायव्हर, नर्सिंग, बँड. आबांचं नाव सातव्या ओळीत आहे.

पहिली ओळ मात्र अजून रिकामी आहे. ती त्या खेचरंवाल्याची. पहिल्या महायुद्धात खेचरं घेऊन बसऱ्याला गेलेला आमच्या गावचा पहिला माणूस. त्याला सगळे 'बसऱ्याआजा' म्हणत, पण त्याचं खरं नाव काय, बापाचं नाव काय, हे आज कोणालाच सांगता येत नाही. त्याच्या घराण्याची एक शाखा इचलकरंजीला गेली, एक मुंबईला गिरणीत. डिस्चार्जचं कागद घरात होतं म्हणतात, ते वाळवीनं खाल्लं. पाथरवटाला मी सांगितलं आहे, ती ओळ सोडून पुढचं कोर. त्याला ते अपशकुनी वाटतं. तो म्हणतो, "नुसतं बसऱ्याआजा म्हनून कोरू का?" मी अजून हो म्हटलेलं नाही.

तेव्हा हे वाचणाऱ्या आपल्या गोतावळ्याला आणि ओळखीच्यांना एक विनंती. तुमच्या घरात जुन्या ट्रंकेत, देव्हाऱ्यामागे, धान्याच्या कणगीखाली पेन्शनचं पुस्तक, डिस्चार्ज सर्टिफिकेट, पितळी बिल्ला, पदक असं काही असेल तर ते बाहेर काढा. इंग्रजी वाचता येत नसेल तर नातवाकडून वाचून घ्या. माणूस कुठल्या खात्यात होता ते नीट लिहून ठेवा. "मिलिटरीत होता" एवढ्यावर थांबू नका. आणि इचलकरंजी किंवा लालबाग-परळकडे कोणाला आपला पणजोबा खेचरं घेऊन बसऱ्याला गेल्याचं ऐकिवात असेल, आणि मूळ गाव जोतिबाच्या पायथ्याचं सांगत असतील, तर मला जरूर कळवा. पाथरवट पुढच्या महिन्यात अक्षरं कोरायला घेणार आहे. तोवर ती ओळ मी मोकळी ठेवली आहे.

जोतिबाच्या नावानं चांगभलं!